रुस्तम-सोहराब बत्तीस पानांत : महाकाव्याचं चित्रपुस्तक मुलांसाठी कसं करायचं?

टेंभुर्णीत (ता. जाफ्राबाद, जि. जालना) पावसाळ्यात लाइट गेली की आमच्या घरात एक जुनी सवय जागी होते. अम्मी पलंगावर बसते, पोरं भोवती गोळा होतात आणि रुस्तम पहेलवानाची गोष्ट सुरू होते. यंदा तिसरीत असलेल्या माझ्या मुलीनं मधेच थांबवून विचारलं, "दादी, तस्वीर कां है?"

अम्मीकडं तस्वीर नव्हती. तिनं ही गोष्ट तिच्या नानीकडून ऐकलेली. घरात पुस्तक कधी नव्हतंच.

प्रश्न साधा होता, पण तो माझ्या डोक्यातून जाईना. अम्मीची गोष्ट दखनीत आहे आणि फक्त कानावरची आहे. मुलगी शाळेत मराठीत वाचायला शिकली. उर्दू लिपी तिला अजून येत नाही. अम्मीनं आता पंच्याहत्तरी ओलांडली. म्हणजे ही गोष्ट मराठीत, चित्रांसह कुणी कागदावर उतरवली नाही, तर ती अम्मीपाशीच थांबणार. मी चित्रकार नाही, लेखकही नाही. तरी एक ड्रॉइंगची वही आणली आणि बसलो. पहिली दहा पानं झरझर झाली. अकराव्या पानावर अडकलो. तिथं बाप स्वतःच्या मुलाच्या छातीत खंजीर खुपसतो. आठ वर्षांच्या पोरीला हे कसं सांगायचं?

मग आपल्या आधीच्या लोकांनी हे कसं केलं, ते शोधत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडतोय. कुणा अब्बू-अम्मीला, शिक्षकाला उपयोगी पडेल.

आधी गोष्ट थोडक्यात

इराणचा कवी फिरदौसी यानं 'शाहनामा' इ.स. १०१० च्या सुमारास पूर्ण केला. त्यात इराणच्या जुन्या राजांच्या आणि वीरांच्या कथा आहेत. रुस्तम हा त्यातला सगळ्यात मोठा वीर. आपल्याकडं गामा पहेलवानाला 'रुस्तम-ए-हिंद' म्हणायचे, ते याच्याच नावावरून.

रुस्तम एकदा हरवलेला घोडा शोधत समनगानला जातो. तिथल्या राजाची मुलगी तहमीना हिच्याशी त्याचं लग्न होतं. निघताना तो तिला दंडावर बांधायचा एक मणी देतो. मुलगा झाला तर दंडावर बांध, मुलगी झाली तर केसांत बांध, असं सांगून जातो. सोहराब जन्मतो, मोठा होतो, बापाचं नाव विचारतो. बापाला भेटायच्या ओढीनं तो इराणवर चालून जातो. शत्रू राजा अफ्रासियाब त्याला फौज देतो, पण बाप-लेकाची ओळख पटू द्यायची नाही असा त्याचा डाव असतो.

रणात दोघं समोरासमोर येतात. सोहराब विचारतो, तुम्ही रुस्तम तर नाही ना? रुस्तम नाव लपवतो. कुस्तीत आधी सोहराब त्याला पाडतो. रुस्तम थाप मारतो की आमच्याकडं पहिल्यांदा पाडलेल्याला मारत नाहीत. सोहराब भोळेपणानं सोडून देतो. पुढच्या कुस्तीत रुस्तम त्याला पाडतो आणि लगेच खंजीर चालवतो. मरता मरता सोहराब म्हणतो, माझा बाप रुस्तम तुला सोडणार नाही. मग मणी दिसतो. रुस्तम राजा कैकाऊसकडं नोशदारू नावाचं औषध मागायला माणूस पाठवतो. राजा देत नाही आणि सोहराब जातो. 'सोहराब मेल्यावर नोशदारू' ही फारसीत म्हणच पडली. आपण म्हणतो ना, बैल गेला आणि झोपा केला, तसंच.

सगळं महाकाव्य नको, एक प्रसंग घ्या

पहिली चूक आपण करतो ती ही की सगळंच सांगायला जातो. शाहनाम्यात सुमारे पन्नास हजार शेर आहेत. महाभारत लाखभर श्लोकांचं मानलं जातं. लखनौच्या नवल किशोर छापखान्यानं १९व्या शतकाच्या अखेरीपासून अमीर हमजाची दास्तान उर्दूत छापायला घेतली, ती ४६ जाडजूड खंडांपर्यंत गेली.

मुलांचं चित्रपुस्तक मात्र बहुतेक ३२ पानांचं असतं. याचं कारण छपाईत आहे. मोठा कागद छापून घडी घातली की १६ पानांचा एक फॉर्म होतो. दोन फॉर्म म्हणजे ३२ पानं. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या 'अमर चित्र कथा'ची नेहमीची पुस्तकंही ३२ पानांचीच. त्यांनी अख्खं महाभारत एका पुस्तकात कोंबलं नाही. कर्ण वेगळा, भीष्म वेगळे, अभिमन्यू वेगळा. एक माणूस, एक पुस्तक. याच मालिकेतलं 'मीराबाई' युसूफ लियन या चित्रकारानं काढलेलं आहे, हेही जाता जाता लक्षात ठेवण्यासारखं.

म्हणून 'शाहनामा' नको, 'रुस्तम-सोहराब' घ्या. त्यातही रुस्तमचे बाकीचे पराक्रम बाजूला ठेवा. मणी दिला तिथून सुरुवात आणि मणी दिसला तिथं शेवट. एवढं ३२ पानांत मावतं.

चित्र पुढं, शब्द मागं

आपल्याला वाटतं चित्रपुस्तक ही इंग्रजी शाळांची गोष्ट. तसं नाही.

अकबर बादशहाला दास्तान ऐकायचा फार नाद होता. त्याच्या हुकमावरून १५६२ च्या आसपास 'हमजानामा' चितारायला सुरुवात झाली. हे काम पंधरा वर्षं चाललं. मीर सय्यद अली आणि अब्दुस समद या इराणहून आलेल्या दोन उस्तादांच्या देखरेखीखाली सुमारे १४०० चित्रं तयार झाली. प्रत्येक चित्र सव्वादोन फूट उंच, कापडावर काढलेलं. मजकूर चित्राच्या पाठीमागं. अभ्यासकांचं म्हणणं असं की चित्र दरबारासमोर धरलं जायचं आणि दास्तान सांगणारा मागचा मजकूर बघून सांगायचा. आज त्यातली जेमतेम दोनशे चित्रं उरलीत. त्यातली काही १८८१ मध्ये श्रीनगरला एका इंग्रज संग्राहकाला मिळाली. ती खिडक्यांतून वारा येऊ नये म्हणून लावलेली होती! जपलं नाही तर काय होतं, त्याचा हा नमुना.

आणि आपल्या मराठवाड्यात तर हीच रीत लोकांमध्ये होती. चित्रकथी गावोगाव फिरून चित्रं दाखवत रामायण-महाभारत सांगायचे. पैठणच्या नावानं ओळखली जाणारी १९व्या शतकातली चित्रं पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. मोठे डोळे, बाजूनं दिसणारे चेहरे, ठसठशीत रंग. लांब बसलेल्या माणसालाही वीर कोण आणि राक्षस कोण, ते लगेच कळतं. ही परंपरा किती जुनी, तर १२व्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात चित्रकथीचा उल्लेख सापडतो. कोकणात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजानं ही कला अजून जिवंत ठेवली आहे. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

या दोन्ही ठिकाणांहून मी एक गोष्ट उचलली. चित्रात जे दिसतं ते शब्दात परत सांगायचं नाही. याचं एक उदाहरण देतो. शाहनाम्यात सोहराब टेकडीवरून इराणची छावणी बघतो आणि हजीर नावाच्या कैद्याला विचारतो, कुणाचा तंबू कोणता? हजीर सगळे तंबू खरे सांगतो. फक्त हिरवा तंबू, ज्यावर अजगरासारख्या प्राण्याचं निशाण आहे, तो रुस्तमचा असून खोटं सांगतो. चित्रपुस्तकासाठी यापेक्षा भारी पान नाही. दोन पानभर छावणी काढायची. खाली फक्त एवढंच लिहायचं : "हजीर म्हणाला, तो तंबू? माहीत नाही बुवा कुणाचा." पण आधीच्या पानावर आपण रुस्तमला त्याच निशाणासोबत दाखवलेलं असतं. त्यामुळे वाचणाऱ्या पोराला कळतं, सोहराबला कळत नाही. माझी मुलगी त्या पानावर अक्षरशः ओरडली, "अरे वोच है! वोच है!"

अबुल फजल, जालना आणि 'रज्मनामा'

दुसऱ्याच्या घरची वीरकथा आपल्या भाषेत का आणायची, असं कुणी विचारेल. त्याचंही उत्तर जुनं आहे.

१५८२ मध्ये अकबरानं महाभारताचं फारसी भाषांतर सुरू करवलं. नकीब खान, मुल्ला शेरी, अब्दुल कादिर बदायुनी यांच्यासोबत संस्कृतचे पंडित बसले. पंडित अर्थ सांगायचे, हे फारसीत लिहायचे. नाव दिलं 'रज्मनामा', म्हणजे युद्धाचं पुस्तक. दरबारातल्या चित्रकारांनी त्याची सचित्र प्रत केली. दसवंत, बसावन, लाल अशी नावं त्या चित्रांवर आहेत. ती प्रत जयपूरच्या राजघराण्याकडं राहिली. पुढं अब्दुर्रहीम खानखानान यानं, म्हणजे आपण दोहे वाचतो त्या रहीमनं, स्वतःसाठी रामायणाची सचित्र फारसी प्रत करून घेतली.

'रज्मनामा'ची प्रस्तावना अबुल फजलनं लिहिली. दोन्ही बाजूच्या लोकांनी एकमेकांचे ग्रंथ आपल्या भाषेत वाचले तर वैर कमी होईल, असा त्यातला विचार आहे. आणि हा अबुल फजल काही काळ आपल्या जालन्यात राहिला होता, असं जुन्या गॅझेटियरांत म्हटलेलं आहे. जालन्याच्या बसमध्ये बसताना आता मला हे हमखास आठवतं.

नंतरच्या काळातही हा धागा तुटला नाही. दूरदर्शनवरच्या 'महाभारत' मालिकेचे संवाद राही मासूम रझा यांनी लिहिले. मग इराणचा रुस्तम मराठीत यायला काय हरकत आहे? शेजारच्या घरातली मुलंही तो वाचतील.

गोष्ट कुणाच्या डोळ्यांनी?

बंगालच्या मेदिनीपूर भागात पटुआ किंवा चित्रकार नावाचा समाज आहे. यातले बहुतेक मुसलमान. पण लांबलचक कागदी पटांवर रामायण, मनसादेवीच्या कथा रंगवायच्या आणि पट उलगडत गाऊन दाखवायच्या, हे त्यांचं पिढ्यान् पिढ्यांचं काम. त्यांच्यातल्या मोयना चित्रकार यांच्या चित्रांवरून २०११ साली 'सीताज् रामायण' हे पुस्तक निघालं. लिहिलं संहिता अर्नी यांनी. त्यात रामायण सीतेच्या तोंडून आहे. युद्ध तेच, पण वाट बघणाऱ्या बाईच्या नजरेतून. त्यामुळे कोण किती शूर यापेक्षा युद्धात कुणाचं काय गेलं, हे आधी दिसतं.

इथं माझं अडकलेलं अकरावं पान सुटलं. मी गोष्ट रुस्तमच्या बाजूनं सांगत होतो. मग ती तहमीनाच्या बाजूनं सांगून बघितली. तिनं मणी बांधला, तिनं मुलाला वाढवलं, तिनं त्याला निरोप दिला. आता रणातलं सगळं दाखवायची गरजच उरली नाही. तहमीनाला जे कळलं, जेव्हा कळलं, तेवढंच.

शिवाय गुर्दाफरीदला विसरू नका. किल्ला वाचवायला ही मुलगी शिरस्त्राण घालून सोहराबशी लढते. शिरस्त्राण पडतं, केस मोकळे होतात आणि समोर मुलगी बघून सोहराब चकित होतो. मग ती अकलेनं त्याला चकवून किल्ल्यात परत जाते. एक हजार वर्षांपूर्वीच्या काव्यातली ही मुलगी आहे. आमच्या घरात सध्या तीच हिरो आहे.

रक्त किती दाखवायचं?

याबाबत दोन टोकं दिसतात. काहीजण मुलांसाठी शेवटच बदलतात. सोहराब वाचतो, बाप-लेक गळ्यात पडतात, सगळं गोड. काहीजण उलट तलवारी आणि रक्ताचीच पानं भरतात.

मला दोन्ही पटत नाही. शेवट बदलला तर गोष्टच राहत नाही. या गोष्टीचा जीव त्या उशिरात आहे. नाव वेळेवर सांगितलं नाही, औषध वेळेवर दिलं नाही. पोरांना मरण माहीत नसतं असं नाही. गावात जनाजा जातो, शेजारी कुणी गेलं की रडणं ऐकू येतं, मुलं बघतच असतात. त्यांना कळतं. आपण खरं सांगतोय की टाळतोय, हेही कळतं.

पण खरं सांगायचं म्हणजे जखम दाखवायची असं नाही. मी त्या पानावर फक्त एक हात काढला. बाही फाटलेली, दंडावर मणी. दुसऱ्या बाजूला रुस्तमचा उघडा पंजा. शब्द तीनच : "रुस्तमनं मणी ओळखला." पुढचं पान जवळजवळ कोरं ठेवलं. मोठ्यानं वाचताना तिथं आपोआप थांबावं लागतं.

चित्रांबद्दलचा संकोच

आपल्यातल्या काही घरांत माणसांची चित्रं काढायला संकोच वाटतो. तो समजून घ्यायला हवा. इतिहासात सचित्र पोथ्या भरपूर आहेत, आणि त्या नको म्हणणारेही तेव्हा होतेच. ज्यांना चेहरे नको वाटतात, त्यांनी सावल्या काढाव्यात, पाठमोरी माणसं काढावीत. घोडा नको असेल तर खोगीर, तंबू, मणी, किल्ला, डोंगर. ही गोष्ट वस्तूंवरही उभी राहते.

दुसरी एक काळजी मी मुद्दाम घेतली. आधी अमीर हमजाची दास्तान घ्यायचं मनात होतं. पण दास्तानमधले जिन्न, देव, जादूगार हे सगळं कल्पित आहे आणि नाव मात्र हजरत हमजांचं. ते तर उहुदच्या लढाईत शहीद झाले, हा इतिहास आहे. लहान मुलाच्या डोक्यात दास्तान आणि सीरत यांची सरमिसळ व्हायला नको, आणि त्या आदरणीय व्यक्तीचं चित्रही नको. रुस्तम हा इस्लामपूर्व इराणच्या कथांतला वीर. तिथं हा प्रश्न येत नाही.

भाषा कोणती?

माझं पहिलं लिखाण पाठ्यपुस्तकासारखं झालं होतं. 'उभय वीरांमध्ये घनघोर युद्ध झाले' वगैरे. मुलीनं ऐकलं आणि जांभई दिली. मग कुस्तीचे शब्द वापरले. इथल्या उरुसात, जत्रेत कुस्त्या होतातच. 'पकड घेतली', 'डाव टाकला', 'चीतपट केलं'. हे शब्द गावातल्या प्रत्येक पोराला येतात. वाक्यं लहान झाली. एका पानावर चार ओळींपेक्षा जास्त नाही.

घरातले शब्द काढले नाहीत. 'अब्बा', 'पहेलवान', 'खंजीर' तसेच ठेवले. दखनी ही काही मोडकी भाषा नाही. विजापूरच्या खदिजा सुलतानासाठी कवी रुस्तमी यानं १६४९ मध्ये 'खावरनामा' हे भलंमोठं वीरकाव्य याच भाषेत रचलं. ज्या भाषेत अम्मी गोष्ट सांगते, त्या भाषेत महाकाव्य होतं. मुलांना हे ठाऊक असावं. म्हणून सोहराबच्या आईचं निरोपाचं वाक्य मी दखनीतच ठेवलंय आणि बाकी मराठी.

घरी करायचं असेल तर

खर्च फारसा नाही. ए-फोर आकाराचे आठ कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की ३२ पानं होतात. मधे सुई-दोऱ्यानं शिवलं की वही तयार.

आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून गोष्ट सांगवून घ्या आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. त्यांचे शब्द तिथं सापडतील. मग ठोकळ्यांसारखी छोटी पानं एकाच कागदावर आखा आणि प्रत्येक पानावर काय दिसणार ते एका ओळीत लिहा. पान उलटण्याची जागा महत्त्वाची. प्रश्न उजव्या पानावर, उत्तर उलटल्यावर. एक वस्तू सगळ्या पुस्तकातून फिरू द्या. माझ्याकडं ती मणी आहे, प्रत्येक दोन पानांत कुठंतरी दिसतोच. शेवटी मोठ्यानं वाचून बघा. जिथं जीभ अडखळते, तिथलं वाक्य बदला. आणि चित्रं मुलांना काढू द्या. माझे घोडे बकरीसारखे झाले होते, मुलीनं ते सगळे पुन्हा काढले.

पुस्तक गेल्या आठवड्यात शिवून झालं. रात्री मुलीनंच ते अम्मीला वाचून दाखवलं, मराठीत. अम्मीला मराठी वाचता येत नाही, पण ऐकून सगळं कळतं. जिथं मुलगी चुकली असं वाटलं, तिथं ती दखनीत दुरुस्त करत होती. कोऱ्या पानावर दोघी थांबल्या. मग मुलगी मागं वळून मला म्हणाली, "अब्बू, रुस्तमनं आपलं नाव का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर?"

मी काही बोललो नाही. अम्मी म्हणाली, "घमंड था बेटा. बडे लोगां को रहता."

मुलीनं पुस्तक मिटलं नाही. पानं उलटत ती परत हिरव्या तंबूच्या पानावर गेली.